दाब, दाब, राव

रतनने जीप घेतली त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात रतन आणि त्याची आई द्रौपदी, दुसऱ्यात एकटी त्याची बायको शकु. संख्याबळ रतनकडे होतं, पण राज्य शकुचं होतं.

आता जीप म्हणजे फार काही मनात आणू नका. मिलिटरीने लिलावात काढलेली, मग चार हात फिरून विक्रोळीला आलेली. रंग कधीकाळी हिरवा असावा असा अंदाज बांधता यायचा. दारं नव्हतीच, वर ताडपत्रीचं टप, आणि हॉर्न असा की लोक बाजूला व्हायच्याऐवजी कोण आजारी आहे म्हणून मागे वळून बघायचे. रतन विक्रोळीतल्याच एका कंपनीत स्टोअरकीपर होता. गोदामातल्या सगळ्या नट-बोल्टचे नंबर त्याला तोंडपाठ होते. त्यातला एखादा मशीनमध्ये नेमका कुठे बसतो, एवढं मात्र त्याला विचारायचं नाही. अशा माणसाने जुनी गाडी पाळावी हे त्यांच्या पार्कसाइटच्या चाळीत कुणालाच पटलेलं नव्हतं.

पण रतनच्या डोक्यात एकच गोष्ट होती. करमाळ्याकडे त्यांचं गाव. तिथे वस्तीतल्या लोकांनी नवं बुद्धविहार बांधलं होतं आणि वैशाखी पौर्णिमेला, रविवारी, त्याचं उद्घाटन होतं. त्यासाठी आईला आपल्या स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवून गावात न्यायचं. बस्स. एवढ्यासाठीच त्याने जीप घेतली होती, आणि म्हातारीने ही बातमी पार्कसाइटपासून थेट घाटकोपरपर्यंत पोहोचवली होती. जायचं लुगडं तिने महिनाभर आधीच धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं होतं.

आणि पौर्णिमेला नऊ दिवस उरले असताना ब्रेक गेले.

पार्कसाइट ही डोंगराच्या अंगावर चढवलेली वस्ती, तिथे सपाट रस्ता शोधावा लागतो. रतन आणि शकु बाजाराला खाली निघाले होते. पहिल्या उतारावर रतनने ब्रेक दाबला, तर पायडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

"अगं, ब्रेक लागत नाही," रतन म्हणाला.

"मग मी काय करू?" शकु म्हणाली.

एवढं बोलणं होईतो जीप दोन वळणं उतरली होती. नशीब असं, की खाली कुणीतरी घर बांधायला काढलं होतं आणि रेतीचा ढीग नेहमीप्रमाणे रस्त्यातच टाकला होता. एरवी त्या ढिगावरून रतन रोज भांडायचा. त्या दिवशी जीप त्यात नाक खुपसून थांबली आणि कुणाला खरचटलंही नाही. शकु उतरली, पदर झटकला, केसांतली रेती झटकली आणि एक शब्द न बोलता घरी चालत गेली. शकु बोलायची तेव्हा रतन निर्धास्त असायचा. ती गप्प झाली की त्याला घाम फुटायचा.

रात्रीची भाकरी वाढताना ती बोलली. "आईंना मी त्या डब्यात बसू देणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत ब्रेक झाला, मी स्वतः बसून बघितला, तर जीप. नाहीतर शनिवारची एसटी. मी तिकिटं काढून ठेवते."

"अगं, जाताना तर घाट चढायचा आहे. चढायला ब्रेक कुठे लागतो?"

"परत यायचं नाही का?"

द्रौपदीने कोपऱ्यातून हळूच विचारलं, "हुईल न्हवं रं बिरेक?" आणि रतन म्हणाला, "होईल आये, होईल." म्हणाला खरा, पण दुसरी भाकरी न मागताच उठला.

जीप टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, साकीनाक्याला आणली. तिथे दत्तारामचं गॅरेज. गॅरेज म्हणजे दोन कारखान्यांच्या भिंतींमधली बोळकंडी आणि वर टाकलेला पत्रा. दत्ताराम मूळचा कणकवलीकडचा, पंचवीस वर्षं गिरणीत फिटर. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा रडत न बसता हा गडी पाने उचलून गाड्यांखाली शिरला. तोंडाचा फटकळ. आलेल्या गाडीला आधी शिव्या, मग मालकाला, मग काम. रतनवर मात्र त्याचा जीव होता. साकीनाक्याच्या धंद्यात दिवसभर हिंदी बोलून त्याची जीभ सोलवटायची, आणि रतन आला की तेवढा वेळ तरी मराठीत बोलता यायचं.

दत्ताराम जीपखाली शिरला आणि हात पुसत बाहेर आला. "रतन्या, ही गाडी मारणार तुला. मागची नळी फुटलीय."

"मग बदला ना भाऊ."

"नळी बदलतो, पण खरा चोर वेगळाच आहे. पुढच्या नळ्या धडधाकट आहेत की नाही? मग पुढचे ब्रेक का गेले?" उत्तरही त्यानेच दिलं. "हिचा मास्टर सिलिंडर एकखणी आहे म्हणून. तू पायडल दाबतोस, तेव्हा त्या एका सिलिंडरातलं तेल चारी चाकांना धावतं. एका ठिकाणी भोक पडलं की सगळं तेल तिथून पसार, चारी ब्रेक ठार. वाट लागली."

रतनला गोदामाची भाषा लवकर कळायची. "म्हणजे चार गोदामांना एकच कुलूप."

"बरोबर. दुसरा कोणी असता तर नळी बदलून 'जा' म्हणाला असता. मी नाही म्हणणार. आई बसणार ना हिच्यात? दोनखणी टाकू. टँडम. पुढच्या चाकांचा खण वेगळा, मागच्यांचा वेगळा. एक मेला तरी दुसरा धरतो."

बोलायला हे सोपं होतं. टँडम सिलिंडर कुर्ल्याहून आणला, तर तो जुन्याच्या जागी बसेना. जुना बिचारा ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या आत, चेसिसला चिकटलेला. नवा त्याच्या दीडपट लांब, आणि दोघांची भोकं जुळायला तयार नाहीत. दत्तारामने जाड पट्टी कापली, शेजारच्या कारखान्यातून वेल्डिंग करून आणली, नव्या नळ्या वाकवल्या, पुढची आणि मागची वाट वेगळी केली. रतन पहिली पाळी संपवून रोज दुपारी यायचा आणि उजेडाला बॅटरी धरून उभा राहायचा. बॅटरी तो चुकीच्या जागी धरायचा, पण मनापासून धरायचा. बुधवारी सिलिंडर बसला, तेल भरलं, आणि आता फक्त हवा काढायची राहिली.

ब्रेकच्या तेलात हवेचा एवढासा बुडबुडा राहिला, तरी पायडल स्पंजासारखं लागतं. तो काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पायडल मारायचं, दुसऱ्याने खाली चाकामागचं छोटं निपल ढिलं करून हवा बाहेर जाऊ द्यायची. यात दत्तारामचा एक नियम होता. पायडलवर पाय गाडीच्या मालकाचाच पाहिजे. चांगला ब्रेक पायाला कसा लागतो हे त्याला कळायला नको? आयुष्यभर तोच तर दाबणार.

तेव्हा रतन वर बसला आणि दत्ताराम मागच्या चाकाशी आडवा झाला. खालून आवाज आला, "दाब... दाब... दाब... राव!"

रतनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दत्ताराम, जो पोलिसालासुद्धा अरे-तुरे करायचा, तो आपल्याला राव म्हणतोय! करमाळ्याकडे राव म्हणजे केवढी जवळीक. बरोबरीचा, जिवाभावाचा असेल त्यालाच माणूस म्हणणार, 'चल राव', 'बस राव'. मुंबईत येऊन वीस वर्षं झाली, 'ए रतन', 'ओ स्टोअर' सगळं ऐकलं, पण राव कुणी म्हटलं नव्हतं. त्याने दुप्पट जोमाने पायडल मारलं आणि वरून ओरडून साद दिली, "हां राव!"

"हां! सोड!" खालून समाधानाने उत्तर आलं. "परत. दाब... दाब... राव!"

"हां राव!"

दोघंही खूश होते. खूश नव्हतं ते फक्त पायडल. अर्धी बाटली तेल गेलं तरी बुडबुडे संपेनात. दत्तारामने चारी चाकं केली, पुन्हा पहिल्यापासून केली. पायडल मऊ ते मऊच.

घरी गेल्यावर रतनने शकुला सांगितलं, "दत्ताभाऊ मला राव म्हणाले."

"बरं," शकु म्हणाली. "ब्रेक लागला?"

गुरुवारी दत्तारामने टँडम काढला, खोलला, आतली रबरं बदलली, परत बसवला. पुन्हा दाब, दाब, राव. पुन्हा हां राव. पुन्हा बुडबुडे. मग सगळे जोड उघडून आवळले. सिलिंडर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. शेवटी दत्ताराम जमिनीवर बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "हा कुठून हवा खातोय कळत नाही रे. माझ्या हातून असं कधी झालं नाही." फटकळ माणूस असा मवाळ बोलला की फार वाईट वाटतं. रतनला वाटलं, याच्याकडून झालं नाही तर कुणाकडूनच होणार नाही.

त्या संध्याकाळी शकुने एसटीची तिकिटं आणली आणि कपाटावर ठेवली. द्रौपदीने ती पाहिली. तिने लुगड्याची घडी उशाखालून काढली, मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "जाऊ दे रं. यष्टीबी चांगलीच असती. खिडकीपाशी बसीन म्या." ती मुलाला बरं वाटावं म्हणून बोलत होती, आणि रतनला ते अगदी सहन झालं नाही. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आईला एक गोष्ट देईन म्हटलं होतं, तीही जमू नये, याची त्याला लाज वाटत होती.

शुक्रवारी कंपनीत त्याचं लक्ष लागलं नाही. दुपारी गॅरेजमध्ये पोहोचला तेव्हा दत्ताराम आधीच जीपखाली होता. "ये. शेवटचं बघू. नाहीच झालं तर जुना एकखणी टाकून देतो, पण मग आईला बसवू नको." रतन वर बसला.

तेवढ्यात दत्तारामची बायको सुगंधा आली. असल्फ्याला त्यांची खोली. दोन दिवस नवऱ्याच्या घशाखाली जेवण उतरत नव्हतं, म्हणून तिने घावणे करून डब्यातून आणले होते. काम चाललेलं बघून ती जीपच्या बाजूला पालथ्या डब्यावर टेकली. तिथून तिला खालचा नवराही दिसत होता आणि वरचा रतनचा पायही. गॅरेजमध्ये आजवर एवढी सोयीची जागा कुणाला मिळाली नव्हती.

"दाब... दाब... दाब... राव!"

"हां राव!"

सुगंधाने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिने पदर तोंडाला लावला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी तेका काय सांगतास?"

"काय सांगतंय म्हणजे? हवा काढतंय!" खालून वैतागलेला आवाज.

"तुमी रव म्हणतास, आणि हो वरचो पाय हलवता! हलवता काय, नाचयता!"

खालचा पाना खणकन जमिनीवर पडला. दत्ताराम कोपरांवर सरपटत बाहेर आला. तेलाने माखलेलं तोंड, त्यात दोन मोठे डोळे. "मेल्या! रव म्हटलंय मां तुका! रवाक काय झाला?"

"अहो, तुम्हीच तर म्हणता ना, दाब राव!" रतन गोंधळला. "मी दाबतोय की!"

"राव नाय रे! रव! रव म्हणजे थांब! पाय दाबून तसाच धरून ठेव!" दत्ताराम ओरडला. "तू धरून ठेवलास तर मी निपल उघडणार, हवा बाहेर जाणार, मी निपल बंद करणार, मग तू सोडायचं. तू उघड्या निपलावर पाय वर-खाली करतोयस, ती सगळी हवा परत आत ओढतेय!"

रतनने पायडलवरचा पाय उचलून घेतला.

"मग मी 'हां राव' म्हणत होतो, ते?" रतनने विचारलं.

"मला वाटलं तू सांगतोयस, हां, रवलंय, पाय धरून ठेवलाय."

सुगंधा आता उघड उघड हसत होती. "घाटावरचो माणूस तो. तेका मालवणी कित्याक कळतला? बाकीच्या गिऱ्हाइकांका सांगतास ना, पकड के रख म्हणान? मग ह्याकाच कित्याक रव?"

दत्तारामने मान खाजवली. खरं होतं. सगळ्या साकीनाक्याशी तो हिंदीत ओरडायचा आणि सगळ्यांचे ब्रेक पहिल्या फटक्यात व्हायचे. रतन आपला माणूस, म्हणून त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायला गेला. आणि गाडीखाली गेलं की त्याची भाषा थेट कणकवलीला पोहोचायची.

रतनचे कान तापले होते. दत्ताभाऊ आपल्याला राव म्हणतात, हे अख्ख्या चाळीत सांगून झालं होतं. पण दत्ताराम आधी खांदे हलवून आणि मग मोठ्याने असा हसायला लागला, की रतनलाही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसावं लागलं. "दोन दिवस ह्या सिलिंडराला आईबहिणीवरून बोललो रे," दत्ताराम डोळे पुसत म्हणाला. "बिचाऱ्याचा काय गुन्हा? वहिनीने वाचवलं त्याला." आपल्याच बायकोला तो वहिनी म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग दोन मराठी माणसांनी हिंदीत ब्रेक बसवला. "दबा... दबा... पकड के रख!" "पकडा!" "छोड!" अर्ध्या तासात बुडबुडे संपले. नळीतून नुसतं तेल यायला लागलं, स्वच्छ, अखंड. शेवटच्या चाकानंतर रतनने पायडल दाबलं आणि दोन बोटं खाली जाऊन ते भिंतीसारखं उभं राहिलं. त्याने परत दाबलं. मग उगीचच आणखी चार वेळा. असं काही त्याच्या पायाला जन्मात लागलं नव्हतं. घावणे तिघांनी बॉनेटवर ठेवून खाल्ले.

पण राज्य शकुचं होतं. संध्याकाळी ती पार्कसाइटच्या त्याच उतारावर, कमरेला पदर खोचून हजर होती. दत्ताराम रतनबरोबरच आला होता.

"ब्रेक लागतो ते दिसतंय," एकदा खाली जाऊन आल्यावर ती म्हणाली. "पण मागच्या वेळेसारखी मागची नळी परत फुटली तर?"

दत्तारामने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला वर्षातून एखादं मिळायचं. तो मागच्या चाकाशी बसला आणि त्याने निपल चक्क उघडं ठेवलं. "आता फुटली समजा. बसा."

शकु बसली. तिने दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली, पण उतरली नाही. जीप सुटली, वेग धरला, वळण आलं. रतनने ब्रेक दाबला. पायडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि त्याचं काळीजही त्याच्याबरोबर खाली गेलं. मग अर्ध्यावर ते घट्ट झालं. मागून तेलाची पिचकारी रस्त्यावर उडाली, पुढची चाकं कचकचून धरली, आणि जीप वळणाच्या अलीकडेच उभी राहिली. रेतीचा ढीग अजून वीस पावलं पुढे होता.

शकुने दांडी सोडली. मग ती खाली उतरली, चप्पल सारखी केली.

"कुठे चाललीस?" रतनने घाबरून विचारलं.

"तिकिटं परत करून येते. डेपो आठपर्यंत उघडा असतो." चार पावलं जाऊन ती वळली. "मी मागे बसेन. आईंना पुढे उशी द्यायला पाहिजे, ती सीट काय बसायची आहे?"

दत्तारामने मागची हवा पुन्हा काढून दिली आणि शनिवारी उजाडायला जीप निघाली. घाट चढली, इंदापूरला चहा झाला, पुढे टप फडफडून फडफडून सगळ्यांचे कान बधिर झाले. द्रौपदी वाटभर पुढच्या सीटवर ताठ बसून होती. झोप आली तरी तिने डोळा मिटला नाही.

गाव आलं तेव्हा उन्हं कलली होती. रतनचा बेत सरळ वस्तीवर, विहारापाशी जायचा होता. तिथे सगळे वाट बघत असणार. पण गावात शिरताना आधी चावडी लागते. चावडीच्या कट्ट्यावर चार-सहा म्हातारी माणसं बसली होती. जीप बघून कुणी साहेब आला असं वाटलं असावं, त्यातली दोघं उठून उभी राहिली.

"थांबिव," द्रौपदी म्हणाली.

"आये, विहार पुढं हाय."

"ठावं हाय मला. हितंच थांबिव."

रतनने ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली, चावडीच्या बरोबर समोर.

"काय झालं आई?" शकुने मागून विचारलं. "काही पाहिजे का?"

"काय बी नगं." म्हातारी कट्ट्याकडे बघत होती. "म्या नवरी हून आले, तवा सासूनं पयल्याच दिशी सांगितलं. चावडीम्होरनं जाताना मान खाली घालायची, पाय उचलायचा, आपल्या वस्तीतल्या मानसानं हितं उभं ऱ्हायचं न्हाई. मुंबईला जाईस्तवर म्या हितनं पळतच गेले."

कट्ट्यावरचा एक जण डोळ्यांवर हात धरून पुढे आला. त्याने जीप पाहिली, रतनला पाहिलं, मग पुढच्या सीटकडे निरखून पाहिलं. "द्रौपदी का काय गं?"

"व्हय."

"कुठं, विहाराला निघाली जणू?"

"निघालीया की," द्रौपदी म्हणाली आणि सीटवर जरा सैल होऊन बसली. "जाईन सावकाश. जरा थांबलीया हितं."